धागा: रीफ टाकीतली वाळू साफ ठेवायला नेमके कोणते प्राणी घ्यावेत? (वडोदरा)

कारेलीबाग_२००लिटर
नमस्कार मंडळी. खाऱ्या पाण्याची, कोरल असलेली (रीफ) टाकी ४ × १.५ × १.५ फूट. दगड, वाळू वजा जाता पाणी साधारण २०० लिटर, खाली संप (गाळणीची टाकी) आणि स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) आहे. टाकीला साडेतीन महिने झाले. वाळू अ‍ॅरगोनाइट, दाणा १ ते २ मिमी, थर ४ सेमी. मासे: क्लाउनची जोडी, एक यलो वॉचमन गोबी आणि एक सिक्सलाइन रास. कोरलमध्ये झोआ, मशरूम आणि एक लेदर. क्षारता (विशिष्ट गुरुत्वात) १.०२५, तापमान २६.५, नायट्रेट १०, फॉस्फेट ०.०८, डीकेएच (कार्बोनेटचं माप) ८. टॉप-अपसाठी (उडून गेलेलं पाणी भरायला) स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी वापरतो.

वाळूवर तपकिरी थर बसतो. ढवळला तरी दोन दिवसांत परत येतो. दुकानदाराने 'वाळू सफाईचं पॅकेज' सुचवलंय: २० नॅसारियस गोगलगायी, १० हर्मिट खेकडे, १ सँड सिफ्टिंग तारामासा, १ समुद्रकाकडी, १ डायमंड गोबी. परवा मुंबईहून माल येणार आहे. हे सगळं घेऊ का, की यातलं काही काढू?

शंखवाला
परवाची ऑर्डर आधी थांबवा. यादीत पाच प्रकार आहेत आणि तुमच्या तपकिरी थराला तोंड लावणारा त्यातला जवळपास एकही नाही. एकेकाचं बघू.

नॅसारियस शेवाळ खात नाही. तो मांसाहारी सफाईवाला आहे. वाळूत गाडून बसतो, फक्त सोंडेसारखी नळी वर ठेवतो आणि मेलेल्या माशाचा, उरलेल्या मायसिसचा (कोळंबीसारख्या बारीक जिवांच्या खाद्याचा) वास आला की बाहेर येतो. तपकिरी थराशी त्याचा संबंध नाही. वाळू आतून हलती ठेवतो, तेवढ्यासाठी तो हवाच. पण तीन मासे असलेल्या टाकीत २० नगांना पुरेल इतकं उरतं कुठे? महिन्या-दोन महिन्यांत निम्मे उपाशी मरतील आणि वाळूतच मरणार म्हणून तुम्हाला कळणारही नाही.

तारामासा शेवाळ खात नाही, वाळूतला जीवच खातो: बारीक किडे, कोपेपॉड (कोळंबीच्या वर्गातले अगदी बारीक जीव), छोट्या गोगलगायी, शिंपले. तुमच्या टाकीत मोकळी वाळू जेमतेम साडेतीन चौरस फूट. ती तो काही महिन्यांत रिकामी करतो, मग हात टोकाकडून झिजू लागतात आणि प्राणी संपतो. इतक्या लहान टाकीत तो घेऊच नये, यात दुसरं मत नाही.

समुद्रकाकडीचं उत्तर फार सोपं आहे. सगळ्या समुद्रकाकड्यांना भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याखाली २००१ पासून संरक्षण आहे. पकडणं, विकणं, पाळणं सगळंच गुन्हा. दुकानदार देत असेल तरी घेऊ नका. शिवाय पंपात अडकून फाटली तर तिच्यातून सुटणारं विष मासे मारू शकतं.

हर्मिट आणि गोबीचं रात्री लिहितो.

ओली_वाळू
शंखवाला काकांशी सहमत. त्यांनी गृहीत धरलेली एक गोष्ट मात्र आधी तपासायला हवी: तो थर डायटमचाच (सिलिकाचं कवच असलेल्या सूक्ष्म शेवाळाचा) आहे कशावरून? तपकिरी थर तीन प्रकारचा असू शकतो आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं.

डायटम पीठ शिंपडल्यासारखे दिसतात. बोट फिरवलं की धुरळा होऊन उडतात. नव्या टाकीत पहिल्या दोन-तीन महिन्यांत येतात आणि पाण्यातलं सिलिकेट संपलं की ओसरतात. सेरिथ, फायटिंग शंख, ट्रोकस या गोगलगायी सगळ्या ते आवडीने खातात.

सायनो (सायनोबॅक्टेरिया) चादरीसारखा असतो. लालसर, जांभळट किंवा गडद तपकिरी, चिमटीत धरला की पापुद्रा निघतो. जिथे प्रवाह कमी आणि गाळ साचलेला, तिथे आधी. याला खाणारा भरवशाचा प्राणी नाही. नळीने ओढून काढायचा, प्रवाह वाढवायचा, खाणं कमी करायचं.

डायनो (डायनोफ्लॅजेलेट, एकपेशीय जीव) शेंबडासारखे. तारा लोंबतात, टोकाला हवेचे बुडबुडे. रात्री जवळजवळ नाहीसे होतात, दिवे लागल्यावर दोन-तीन तासांत परत दाट. काही जाती विषारी असतात आणि त्या खाऊन गोगलगायी मरतात. अशा टाकीत सफाईची फौज सोडणं म्हणजे त्यांना मारायलाच आणणं.

घरच्या घरी चाचणी अशी: थराचा चमचाभर भाग पिपेटने ओढा, बाटलीत टाकीचं पाणी घालून जोरात हलवा, कॉफी फिल्टरमधून किंवा दुहेरी टिश्यूतून गाळा. गाळलेलं पाणी काचेच्या पेल्यात उजेडाखाली तासभर ठेवा. पाणी स्वच्छच राहिलं तर डायटम किंवा सायनो. त्यात पुन्हा तंतू, गोळे जमले तर डायनो. शाळेतला ४०० पटीचा सूक्ष्मदर्शक मिळाला तर आणखी बरं, लांबट स्थिर नौकेसारखे दिसले तर डायटम, भोवऱ्यासारखे फिरणारे दिसले तर डायनो.

नायट्रेट १० आणि फॉस्फेट ०.०८ असताना डायनो कमी शक्य. ते बहुतेक दोन्ही शून्याला टेकल्यावर उसळतात. पण चाचणी करा, अंदाजावर प्राणी आणू नका.

कारेलीबाग_२००लिटर
ओली_वाळू ताई, चाचणी केली. दीड तास झाला, पेल्यातलं पाणी स्वच्छ आहे. बोट फिरवल्यावर धुरळाच होतो, पापुद्रा नाही. म्हणजे डायटम. पण साडेतीन महिन्यांनीही का?

विश्वामित्री
तुमच्या आरओच्या पाण्यामुळे. स्वयंपाकघरातलं यंत्र पिण्यासाठी बनवलेलं आहे. चव यावी म्हणून त्यात बहुतेक ठिकाणी टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं माप) कंट्रोलर असतो, तो मेम्ब्रेनमधून (गाळणाऱ्या पडद्यातून) न गेलेलं थोडं पाणी परत मिसळतो, आणि शेवटी मिनरल कार्ट्रिज. नळाखाली टीडीएस मीटर धरलात तर ४० ते ८० दिसेल. बोअरचं पाणी येत असेल तर त्याहूनही जास्त. रोज टॉप-अप म्हणून ते टाकलंत की पाणी उडून जातं, सिलिकेट, नायट्रेट मागे राहतात. साडेतीन महिने तुम्ही डायटमना रोज जेवायला घालताय.

करायचं एवढंच: मेम्ब्रेननंतर आणि मिनरल कार्ट्रिज, मिक्सर यांच्या आधी पाव इंचाच्या पाइपला टी (तीन तोंडांचा सांधा) जोडा, त्या फाट्यावर छोटा व्हॉल्व्ह आणि पुढे मिश्र रेझिनचा डीआय डबा (उरलेले क्षार धरून ठेवणारा). डबा उभा ठेवा, पाणी खालून वर जाऊ द्या. आडवा ठेवला तर पाणी रेझिनच्या वरून वाट काढतं आणि अर्धं रेझिन वापरातच येत नाही. यंत्र सुरू केल्यावर पहिली दोन मिनिटं येणारं पाणी डीआयकडे नेऊ नका, बंद असताना मेम्ब्रेनच्या अलीकडचे क्षार पलीकडे झिरपलेले असतात. डीआयनंतरचा टीडीएस ० हवा. १ दिसायला लागला की रेझिन बदलायची वेळ, कारण संपत आलेलं रेझिन सगळ्यात आधी सिलिकाच सोडून देतं.

हे केल्याशिवाय कितीही गोगलगायी आणा, थर येतच राहील.

नवा_मासेवाला
माझ्या मते वाळूही बघा. आमच्याकडे बरेच जण ओरसंगची रेती धुऊन घालतात, स्वस्त पडते. तिच्यातल्या सिलिकामुळे डायटम होतात ना?

विश्वामित्री
त्यांची वाळू अ‍ॅरगोनाइट आहे, त्यामुळे इथे प्रश्न नाही. पण हा गैरसमज सगळीकडे आहे म्हणून लिहितो. नदीची रेती मुख्यतः क्वार्ट्झ. क्वार्ट्झ समुद्राच्या पाण्यात इतकं सावकाश विरघळतं की डायटमला त्यातून काही मिळत नाही. ओरसंगच्या किंवा नर्मदेच्या रेतीची खरी अडचण वेगळी: त्यात माती असते, चुंबकाला चिकटणारे काळे लोहकण असतात, दाणा टोकदार असतो आणि ती पाण्याचा पीएच सावरायला काही मदत करत नाही. वाळू चाळून खाणाऱ्या गोबीचे कल्ले त्या टोकदार दाण्याने सोलतात. बांधकामाच्या ढिगातली रेती रीफमध्ये नको, कारण मात्र सिलिका नव्हे.

अ‍ॅरगोनाइट म्हणून विकलेल्या वाळूची खात्री करायची तर चमचाभर वाळूवर व्हिनेगर ओता. फेस आला तर चुनखडीवर्गातली, नाही आला तर क्वार्ट्झ.

शंखवाला
आता हर्मिट आणि गोबी.

हर्मिट कामाचे आहेत, पण दहा नकोत. मोठा होणारा हर्मिट नवा शंख शोधतो आणि रिकामा मिळाला नाही तर जिवंत गोगलगाय मारून तिचा घेतो. ठेवायचेच असतील तर निळ्या पायांचे छोटे तीन-चार, आणि प्रत्येकी दोन-तीन रिकामे शंख, सध्याच्या शंखापेक्षा थोड्या मोठ्या तोंडाचे, उकळून घेतलेले. ज्यांना गोगलगायींवरच भर द्यायचाय त्यांनी हर्मिट घेऊच नयेत असं माझं मत. किनाऱ्यावरून आलेला कुठलाही खेकडा 'हर्मिटच आहे' म्हणून सोडू नका, मोठ्या जाती कोरल उपटतात.

डायमंड गोबी वाळू पांढरी शुभ्र ठेवतो, यात शंका नाही. तोंडात वाळू घेतो, कल्ल्यांतून बाहेर सोडतो, मधलं खाद्य गिळतो. पण ते खाद्य म्हणजे जिवंत कोपेपॉड आणि किडे, डायटम नव्हे. साडेतीन महिन्यांच्या टाकीत ते काही आठवड्यांत संपतात, मग त्याला दिवसातून दोन-तीनदा फ्रोझन मायसिस द्यावं लागतं. तुम्ही ते दिलंत तर नायट्रेट वाढतं, नाही दिलंत तर त्याचं पोट आत जातं आणि तो मरतो. वाळू उंचावरून सोडतो तेव्हा खालच्या कोरलवर पडते. झोआ, मशरूम सहसा वाळूजवळच असतात, म्हणून तेच आधी गाडले जातात. तुमच्याकडे वॉचमन आधीच आहे, दोघांची बिळांवरून भांडणं होतील. उड्याही मारतो, जाळीचं झाकण नसेल तर एक दिवस जमिनीवर सापडेल. दोन वर्षं मुरलेल्या तीन-साडेतीनशे लिटरच्या टाकीत चालेल. तुमच्यात आत्ता नाही.

नवा_मासेवाला
पण काका, गोबीशिवाय वाळू पांढरी राहते का? फोटोंमध्ये दिसतात त्या टाक्या...

शंखवाला
राहते. सेरिथ आणि फायटिंग शंख हे काम करतात, गाजावाजा न करता.

सेरिथ ही उंच, निमुळत्या शंखाची दोन-अडीच सेमीची गोगलगाय. दिवसा अर्धी वाळूत, रात्री वाळूवर, दगडावर, काचेच्या तळाशी. डायटम, कोवळं शेवाळ, गाळ सगळं खाते. ट्रोकस काचेवर आणि दगडावर उत्तम, पण वाळूवर उतरत नाही. टर्बो तर वाळूसाठी नाहीच, शिवाय वाटेतले न चिकटवलेले कोरल पाडते, आणि उलटी पडली तर तिला सरळ होता येत नाही. सेरिथ आणि ट्रोकस सहसा स्वतः सरळ होतात.

आणि फायटिंग शंख. दुकानात याच नावाने किंवा 'स्ट्रॉबेरी कोंच' म्हणून मिळतो. इंडो-पॅसिफिकमधल्या जातीचं तोंड आतून नारिंगी-लाल आणि मधल्या खांबाला गडद तपकिरी-काळी कड, त्यावरून ओळखा. हत्तीच्या सोंडेसारखं तोंड वाळूवर फिरवत डायटम, गाळ, शेवाळाची साय सगळं ओढून घेतो. वाळू वर-खाली करतो, कोरलला हात लावत नाही. २०० लिटरला एक. दोन नकोत. एकाला निदान अडीच-तीन चौरस फूट मोकळी वाळू लागते. शंखाचं 'पिल्लू' म्हणून क्वीन कोंच कुणी दिला तर नको म्हणा, तो पुढे ३० सेमीपर्यंत वाढतो. पायांसारखे लांब काटे असलेले लॅम्बिस शंखही नकोत, त्यातल्या काही जाती कायद्याने संरक्षित आहेत.

सुरसागर
संख्येबद्दल माझं मत वेगळं. नॅसारियस २० जास्त हे मान्य, पण काही जण ५ म्हणतात तेही कमी. २०० लिटरला १० ठेवायला हरकत नाही, फक्त खाद्य बघून. बाहेरच्या विक्रेत्यांचे तक्ते तर याहून जास्त सांगतात.

शंखवाला
विक्रेत्यांचे तक्ते विकण्यासाठी असतात. १० चा आकडा आठ मासे असलेल्या टाकीत बरोबर, तीन माशांच्या टाकीत नाही. माशांच्या तोंडातून किती उरतं त्यावर ही गणती. आधी ५ घ्या. खाद्य टाकल्यावर अर्ध्या मिनिटात सगळे वाळू फोडून वर आले आणि पाच-सात मिनिटांत परत गाडले गेले, तर संख्या बरोबर. खाद्य नसतानाही तासन्‌तास काचेवर चढून बसत असतील तर ते उपाशी आहेत किंवा पाण्यात ऑक्सिजन कमी आहे. अशा वेळी संख्या वाढवायची नाही.

नॅसारियस म्हणून दुसरंच काही हाती पडतं, तेही सांगतो. आपल्या किनाऱ्यावर बॅबिलोनिया नावाचा तपकिरी ठिपक्यांचा गुळगुळीत शंख भरपूर मिळतो, खाण्यासाठीही पकडतात. दिसायला मोठ्या नॅसारियससारखा, तोही वाळूत गाडून बसतो. पण ३-४ सेमी आणि त्याहून मोठा होतो, आणि भुकेला असला की इतर गोगलगायींना सोडत नाही. पांढऱ्या अंगावर ठळक तपकिरी डाग दिसले तर घेऊ नका.

ओली_वाळू
सुरसागर आणि काका, दोघांनाही विचारते: तुम्ही सगळे विकत घ्यायच्या प्राण्यांबद्दल बोलताय. फुकट येणाऱ्यांचं काय? दगडाबरोबर आलेले गुलाबी-तपकिरी ब्रिसल किडे, नखभर मायक्रो ब्रिटल तारे, स्पॅगेटी किडे, अ‍ॅम्फिपॉड. वाळूतलं खरं काम हेच करतात आणि लोक चिमट्याने काढून फेकतात. काढायचा तो फायरवर्म: जाड, दाट पांढरे केस, कोरलवर चढून पोखरणारा. साधा ब्रिसल किडा रात्री वाळूतून डोकावतो आणि उजेडात पळतो. त्याला राहू द्या. त्यांची संख्या खाद्याप्रमाणे आपोआप वाढते-घटते, पिशवीतून आणलेल्या २० गोगलगायींना ते जमत नाही.

कारेलीबाग, दोन तळहातांएवढ्या कोपऱ्यातही गाळ साचलेला असेल तर तिथला प्रवाह बघा. वाळू उडणार नाही पण गाळ तरंगता राहील असा वेव्हमेकरचा (प्रवाह देणाऱ्या पंपाचा) कोन धरा. गाळ साचत असेल तर प्राणी पुरे पडणार नाहीत.

कारेलीबाग_२००लिटर
मागचा डावा कोपरा तसाच आहे, कोन बदलतो. एक विचारायचं होतं: ऑगस्टमध्ये आमचा ग्रुप जामनगरला नरारा बघायला जाणार आहे. तिथे ओहोटीत सेरिथसारख्या गोगलगायी भरपूर दिसतात म्हणे. चार-पाच आणल्या तर?

विश्वामित्री
मुळीच नाही. नरारा मरीन नॅशनल पार्कमध्ये येतं, १९८२ मध्ये घोषित झालेलं, भारतातलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान. तिथून रिकामा शिंपलाही उचलायचा नाही. ओहोटीत बघा, फोटो काढा, दगड उलटलाच तर तसाच परत ठेवा. टाकीच्या दृष्टीनेही ते चुकीचं आहे: तिथल्या भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या जाती तापमान आणि क्षारता यांच्या मोठ्या चढउतारांना सरावलेल्या असतात, बंद टाकीत काय खातील ते सांगता येत नाही, आणि शंखावर काय चिकटून येईल तेही.

तसंच हार्ड कोरल, सी फॅन आणि जायंट क्लॅमही (मोठे शिंपले) संरक्षित आहेत. तुमचे झोआ, मशरूम, लेदर त्या यादीत नाहीत, तेवढ्यावरच राहा.

सुरसागर
आणल्यावर पाण्यात घालण्याबद्दल लिहितो, सगळ्यात जास्त प्राणी तिथेच मरतात. बरेच दुकानदार माशांना परजीवी कमी व्हावेत म्हणून पाणी १.०१९, १.०२० ला ठेवतात. तुमची टाकी १.०२५. मासा सहन करतो, गोगलगाय नाही. तिच्या अंगातल्या पाण्याची क्षारता बाहेरच्यासारखीच असते, बदल तिला थेट बसतो. पिशवीतल्या पाण्याची क्षारता रिफ्रॅक्टोमीटरने आधी मोजा.

फरक ०.००१ च्या आत असेल तर ठिबक ४५ मिनिटं पुरे. ०.००२ ते ०.००३ असेल तर नळीला गाठ मारून सेकंदाला २-३ थेंब सोडा, पाणी दुप्पट झालं की अर्धं टाका, परत दुप्पट होऊ द्या. असं केलं की मूळचा फरक चौथाई उरतो. एकूण दोन तास लागतील, तोवर पाणी थंड-गरम होऊ देऊ नका. फरक ०.००५ असेल तर ठिबकाच्या भरवशावर राहू नका, वेगळ्या टबमध्ये एअरस्टोन लावून रोज ०.००१ ते ०.००२ ने वाढवा. तीन ते पाच दिवस जातील, चालतंय.

रिफ्रॅक्टोमीटर आरओच्या पाण्यावर शून्य करून समाधान मानू नका. ३५ पीपीटीच्या (हजारात ३५ भाग क्षार) द्रावणावर जुळवा. शून्याला बरोबर असलेलं यंत्र ३५ ला चुकीचं असू शकतं. सुईचे प्लॅस्टिकचे हायड्रोमीटर बुडबुडा चिकटला की खोटं सांगतात.

पिशवीचं पाणी टाकीत ओतायचं नाही. दुकानातल्या माशांच्या टाक्यांत तांब्याचं औषध असतं, अपृष्ठवंशीय प्राण्यांना ते थोडंही मारक.

शंखवाला
उत्तम लिहिलंय. मुंबईहून येणाऱ्या मालाबद्दल एक भर: सेरिथ, ट्रोकस ओल्या कागदात, थर्मोकोलच्या डब्यात रात्रीच्या प्रवासात ठीक येतात. पाण्यात भरून आलेल्या मेलेल्या गोगलगायीने पिशवीतलं पाणी नासवणं जास्त धोक्याचं. डबा उघडला की प्रत्येक गोगलगाय नाकाजवळ धरा. कुजका वास आला तर ती टाकीत नको. वास नसेल आणि दार (शंखाच्या तोंडावरचं झाकण) घट्ट मिटलेलं असेल तर जिवंत.

नवा_मासेवाला
आपल्याकडच्या उन्हाळ्याचं काय? मे महिन्यात खोलीत ३५ असतं. या गोगलगायी टिकतात का?

विश्वामित्री
२८ पर्यंत निर्धास्त. ३० च्या वर गेलं की पाण्यातला ऑक्सिजन कमी होतो आणि आधी नॅसारियस वर यायला लागतात, त्यांच्या वर येण्यावरून धोका कळतो. एप्रिल-मे मध्ये वडोदऱ्याची हवा कोरडी, त्यामुळे पाण्यावर पंखा लावला की ३-४ अंश सहज उतरतात, पण २०० लिटरच्या टाकीतून दिवसाला ४-५ लिटर पाणी उडतं. एक दिवस टॉप-अप चुकला की क्षारता २ टक्के वर. म्हणून ऑटो टॉप-अप नसेल तर सकाळ-संध्याकाळ हाताने भरा, फक्त शून्य टीडीएसचं पाणी, मीठ नाही.

जूनच्या मध्यापासून हाच पंखा कामाचा नाही. हवेत दमटपणा इतका की पाणी उडतच नाही, तापमान उतरत नाही. लोक मेमध्ये पंख्यावर खूश असतात आणि जुलैत प्राणी गमावतात. चिलर किंवा खोलीचा एसी पावसाळ्यात जास्त लागतो, हे लक्षात ठेवा. वीज जाते तेव्हासाठी बॅटरीचा एअर पंप आधीच भरून ठेवा, एअरस्टोन प्रवाह नसलेल्या वाळूजवळ.

ओली_वाळू
यलो वॉचमनबद्दल कुणी बोललंच नाही. तोही वाळू खणतो, आणि पुढे जोडीला पिस्तुल कोळंबी आणलीत तर दोघं दगडाखालची वाळू पार काढून टाकतात. मोठे दगड वाळूवर टेकवलेले असतील तर सरकून काच फुटण्याची भीती. दगड थेट तळाच्या काचेवर किंवा खाली पीव्हीसीचे तुकडे घालून बसवा, वाळू नंतर भोवती. सध्याची रचना वाळूवर असेल तर शंख आणायच्या आधी तेवढं करून घ्या. फायटिंग शंखही दगडाच्या कडेने जोर लावतो.

सिक्सलाइन रास मोठ्या सेरिथला काही करत नाही, अगदी बारीक पिल्लांना टिपतो. म्हणून दोन सेमीच्या खालच्या गोगलगायी घेऊ नका.

कारेलीबाग_२००लिटर
यादी बदलली, बघा बरं:

आधी डीआय लावून दोन आठवडे पाणी बदल, दर आठवड्याला २० लिटर. वाळू नळीने साफ करताना दर वेळी एक चतुर्थांश भागच, वरचा एक-दीड सेमी. दगडांखाली पीव्हीसी. मग सेरिथ ६. त्यानंतर दोन आठवड्यांनी नॅसारियस ५. थर दिसेनासा झाला तरी आणखी महिनाभर थांबून फायटिंग शंख १. काचेसाठी ट्रोकस ३. हर्मिट, तारामासा, काकडी, गोबी नाही.

शंखवाला
छान. एकच सुधारणा: शंख थर पूर्ण गेल्यावर आणू नका, थोडा थर दिसत असतानाच आणा. वाळू आरशासारखी स्वच्छ झालेल्या टाकीत तो उपाशी राहतो. वाळूवर त्याच्या सोंडेच्या खुणा दिसत असतील आणि तो रोज हिंडत असेल तर ठीक. दोन-तीन दिवस एकाच जागी गाडलेला किंवा काचेवर चढलेला दिसला तर दोन सेमीचा नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा) तुकडा वाळूत अर्धा खोचून त्याच्या समोर ठेवा, आठवड्यातून दोनदा. न खाल्लेला दुसऱ्या दिवशी काढा. बुडणारी शेवाळाची गोळी अर्धी मोडून दिली तरी चालते.

डीकेएच ८ वर आहे, तो ८ ते ९ मध्येच ठेवा, कॅल्शियम ४०० ते ४५०, मॅग्नेशियम १२५० ते १३५०. क्षार कमी पडले की शंखाचं टोक पांढरं, खरवडल्यासारखं दिसायला लागतं.

सुरसागर
काचेवर पांढऱ्या नागमोडी रेषा दिसल्या तर घाबरून खरवडू नका, सेरिथची अंडी. नॅसारियसही काचेवर वेड्यावाकड्या ओळीत घालतात. पिल्लं सहसा स्किमरमध्ये किंवा माशांच्या तोंडी जातात, गर्दी होत नाही.

आणि महिन्यातून एकदा गोगलगायी मोजा. दिवे गेल्यावर तासाभराने, लाल टॉर्चने. सहातल्या चारच दिसल्या तर दोन आठवडे थांबून परत मोजा, लगेच नव्या मागवू नका.

कारेलीबाग_२००लिटर
आत सोडायची वेळ कोणती? दिवसा की रात्री?

ओली_वाळू
दिवे बंद झाल्यावर. रास झोपलेला असतो. सेरिथ हाताने वाळूवर पोटाच्या बाजूने ठेवा, वरून सोडू नका, उलट्या पडल्या तर थकलेल्या अवस्थेत सरळ होत नाहीत. नॅसारियस ठेवल्यावर दोन-चार मिनिटांत स्वतः गाडून घेतात. सकाळी दिवे लागायच्या आधी एकदा नजर फिरवून बघा. एखादा नॅसारियस वाळूवरच आडवा पडलेला असेल तर उचलून वास घ्या, वास नसेल तर परत तिथेच ठेवा, संध्याकाळपर्यंत गाडला गेला नाही तर बाहेर काढा.

कारेलीबाग_२००लिटर
ठीक. परवाची ऑर्डर रद्द केली. डीआयचा डबा आणि टी उद्या बसवतोय, पहिला टीडीएस इथेच टाकतो.